उन्हाळ्यातला फिशटँक : आधी श्वास, मग गारवा

चैत्र सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. विदर्भ, मराठवाडा आणि सोलापूरकडच्या पत्रांत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असल्याची चिंता असते, तर मुंबई-कोकणातून पाणी काही केल्या गार होत नाही अशी तक्रार येते. दोन्हीकडचे उपाय सारखे नाहीत, म्हणून या वेळी गावाच्या हवेचा विचार करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न (अकोला) : आमच्याकडे दोन फूट लांबीची टाकी असून तीत चार एंजल, काही मॉली आणि एक सकर आहे. एप्रिलच्या अखेरीपासून दुपारी पाणी ३४ अंशांपर्यंत तापते आणि सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. गेल्या आठवड्यात घाबरून फ्रीजमधला बर्फ थेट टाकीत टाकला. मासे तासभर शांत झाले, पण दुसऱ्या दिवशी दोन एंजल मेले. काय करायला हवे होते?

उत्तर : बर्फामुळेच मासे मेले असे खात्रीने म्हणता येणार नाही, परंतु आधीच दमलेल्या माशांना तापमानाच्या अचानक उताराचा आणखी ताण सोसावा लागला, एवढे नक्की. आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची खूण मात्र बर्फाची नाही, तर मासे वर येण्याची आहे. मासे वर येतात ते उकडते म्हणून नव्हे, तर श्वास पुरत नाही म्हणून. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू टिकत नाही. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात दर लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू हवेतून विरघळू शकतो. २५ अंशांना हे प्रमाण सुमारे ८.३, ३० अंशांना ७.५ आणि ३५ अंशांना ७ मिलिग्रॅमच्या आसपास येते. केवळ या घटीने मासे गुदमरले नसते. खरी अडचण अशी की, तापमान १० अंशांनी वाढले तर माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. पुरवठा घटत असतानाच मागणी वाढते, आणि त्यात फिल्टरमधले जिवाणू, तळाशी कुजणारे उरलेले खाद्य आणि रात्रीच्या वेळी पाणवनस्पती हे सगळे त्याच प्राणवायूवर जगत असतात. म्हणूनच दुपारी तग धरलेले मासे कित्येकदा पहाटे मेलेले आढळतात.

मासे धापा टाकताना दिसले की पहिले काम पाणी गार करण्याचे नाही, पाण्याचा पृष्ठभाग हलवण्याचे आहे. एअर पंपाचा जोर वाढवावा, दुसरा एअर स्टोन (नळीच्या टोकाला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) असल्यास तोही सोडावा, आणि पॉवर फिल्टरचे तोंड असे वळवावे की पाणी वरच्या थरावर आपटून खळखळेल. बुडबुड्यांमधून प्राणवायू मिळतो असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात बुडबुडे तळाचे पाणी वर आणतात आणि पृष्ठभाग ढवळतात, व हवेशी खरी देवघेव मुख्यतः तिथेच होते. टाकीचा दिवा बंद करावा, त्या दिवशी खाद्य अजिबात देऊ नये, आणि पहाटे भरून ठेवलेले, क्लोरीन काढलेले पाणी एकूण पाण्याच्या पंधरा-वीस टक्क्यांइतके हळूहळू बदलावे. गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीतले दुपारचे पाणी फिशटँकमधल्या पाण्यापेक्षाही गरम असू शकते, म्हणून नळाचे पाणी घेण्यापूर्वी तापमापी बुडवून पाहण्याची सवय ठेवावी. सकर तळाशी राहतो आणि धडधाकट वाटतो, त्यामुळे त्याच्याकडे लक्ष जात नाही. पण तोही काचेला धरून पाण्याच्या रेषेपर्यंत चढला असेल तर परिस्थिती गंभीर आहे असे समजावे.

श्वासाची सोय झाल्यावर गारव्याकडे वळावे. आपल्या गावात निसर्गाने एक मोठी सवलत दिलेली आहे, ती म्हणजे कोरडी हवा. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने उघड्या टाकीवर पंख्याचा झोत सोडला की टाकीतले पाणी गार होते : जे पाणी वाफ होऊन जाते ते उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. त्याउलट एक किलो बर्फ वितळून टाकीच्या पाण्याइतका कोमट होईपर्यंत जेमतेम ११० किलोकॅलरी शोषतो. म्हणजे पंख्याने उडवलेले एक लिटर पाणी पाच किलो बर्फाएवढे काम करते, आणि तेही दिवसभरात, हळूहळू, माशांना धक्का न देता. आपल्या टाकीत सुमारे ६० लिटर पाणी असेल असे धरले, तर एक किलो बर्फाने तिचे तापमान दोन अंशांनीही उतरत नाही, आणि घरातली हवा तापलेली असल्याने ते दोन-तीन तासांत पुन्हा चढू लागते. थेट टाकलेल्या बर्फाजवळचे पाणी मात्र एकदम थंड होते, आणि बर्फ नळाच्या पाण्याचा असेल तर त्यातले क्लोरीनही टाकीत जाते. अगदीच निरुपाय झाला तर पाणी गोठवलेली बंद बाटली टाकीत तरंगत ठेवावी, एका वेळी एकच, आणि तासाला एक अंशापेक्षा जास्त उतार होत नाही ना हे तापमापीवर पाहत राहावे.

पंख्याने पाणी किती गार होईल हे हवेतल्या ओलाव्यावर ठरते. तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून ती वाऱ्यात धरली तर पारा जिथे थांबतो, त्याखाली बाष्पीभवनाने पाणी जाऊच शकत नाही. हवा ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ही मर्यादा सुमारे २३ अंशांवर येते. काचेतून आणि मोटरमधून उष्णता सतत आत येत असल्याने टाकी एवढी गार होणार नाही, परंतु ३४ वरून २९-३० अंशांपर्यंत आणणे अकोल्यात सहज शक्य आहे. त्यासाठी काचेचे झाकण काढावे, मॉली आणि एंजल उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून वर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवावी, आणि छोटा टेबल पंखा किंवा संगणकाच्या कॅबिनेटमधला १२ व्होल्टचा पंखा पाण्यावरून तिरपा वाहील असा लावावा. वायर टाकीच्या पातळीखाली थोडी लोंबती ठेवून मग प्लगकडे न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी सॉकेटपर्यंत पोहोचणार नाही. टाकीच्या मागच्या आणि पश्चिमेकडच्या बाजूला थर्माकोलची शीट चिकटवली तर उन्हाने तापलेल्या भिंतीची धग बरीच अडते.

खाद्याबाबत आमचे मत ठाम आहे. उन्हाळ्यात मासे भुकेले दिसतात, कारण त्यांचे शरीर वेगाने चालत असते, आणि मालक प्रेमापोटी जास्त घालतो. खाल्लेले पचवायलाही प्राणवायू लागतो आणि त्यातून अमोनिया बाहेर पडतो. दिवसातून एकदाच, सकाळी लवकर, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच देऊ नये.

प्रश्न (लातूर) : पंखा लावल्यापासून टाकीतले पाणी रोज बोटभर उतरते. ते आम्ही बोअरच्या पाण्याने भरून काढतो. काचेवर पांढरा थर जमू लागला आहे आणि नवीन आणलेले निऑन टेट्रा आठवडाभरही जगत नाहीत. पाणीटंचाईमुळे पूर्ण पाणी बदलणे परवडत नाही.

उत्तर : वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, त्यातले क्षार टाकीतच राहतात. आपण त्या जागी पुन्हा क्षार असलेले पाणी ओतता, म्हणजे दररोज क्षारांची भर पडते. एक हिशेब पाहा. बोअरच्या पाण्यात दर लिटरला ६०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार आहेत आणि ६० लिटरच्या टाकीतून दररोज दीड लिटर पाणी उडते असे धरू. चाळीस दिवसांत आपण ६० लिटर भर घातलेली असेल, आणि टाकीतल्या क्षारांचे प्रमाण ६०० वरून १२०० मिलिग्रॅमवर गेलेले असेल, जरी काचेवरची पाण्याची रेषा पहिल्या दिवशीच्याच जागी दिसत असली तरी. निऑन टेट्रा हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ (कमी क्षारांच्या), किंचित आम्ल पाण्यातला मासा आहे, आणि तो तसाही २६ अंशांच्या वर सुखी नसतो. त्याला मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यात ठेवणे त्याच्यावर अन्याय आहे. मॉली, गप्पी, प्लाटी हे मासे कठीण, म्हणजे जास्त क्षारांचे पाणी पत्करतात. आपल्याकडे तेच ठेवावेत.

भर घालण्यासाठी घरच्या आरओ यंत्राचे शुद्ध पाणी वापरावे. दिवसाला दीड लिटर आरओ पाणी ही फार मोठी मागणी नाही. मात्र त्याच यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारे पाणी वापरायचा मोह टाळावा, कारण मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार त्यातच असतात. एसीमधून ठिबकणारे पाणीही काही जण सुचवतात. ते तांब्याच्या नळ्यांवरून आणि धुळीने भरलेल्या पत्र्यांवरून आलेले असते, आणि तांबे माशांना, त्याहून अधिक गोगलगायींना व कोळंबीला घातक असते. पाणी पूर्ण बदलण्याची तर टंचाई नसतानाही गरज नसते. आठवड्यातून सहा-सात लिटर पाणी तळाशी नळी फिरवून, घाणीसकट काढावे आणि ते कुंड्यांना घालावे. झाडांना ते उत्तम खत आहे.

कठीण पाण्याचा उन्हाळ्याशी आणखी एक संबंध आहे, आणि तो दिसत नसल्यामुळे जास्त धोक्याचा आहे. बोअरच्या पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, ७ म्हणजे उदासीन) बहुधा ८ च्या आसपास असतो. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. त्यांपैकी एक रूप जवळजवळ निरुपद्रवी आणि दुसरे कल्ले जाळणारे. पीएच ८ असताना २५ अंशांना एकूण अमोनियापैकी सुमारे ५ टक्के भाग या विषारी रूपात असतो, तर ३२ अंशांना तो ८ टक्क्यांच्या पुढे जातो. पीएच ७ असेल तर ३२ अंशांनाही हा भाग एक टक्क्याच्या आतच राहतो. म्हणजे जी टाकी डिसेंबरमध्ये तेवढेच मासे आणि तेवढेच खाद्य निभावून नेते, तीच मे महिन्यात विषारी होऊ शकते. माशांची संख्या ठरवताना हिवाळ्याचा नव्हे, मे महिन्याचा विचार करावा.

प्रश्न (मुलुंड, मुंबई) : पंखा लावूनही तापमान जेमतेम एक अंशाने उतरते. चिलर घ्यावा काय? टाकी झोपण्याच्या खोलीत आहे आणि तिथे रात्री एसी चालू असतो.

उत्तर : मुंबईत हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर अकोल्याच्या उत्तरात सांगितलेली बाष्पीभवनाची मर्यादा सुमारे २८ अंशांवर असते. त्यामुळे तिथे पंखा एक-दोन अंशांच्या पलीकडे फार काही करू शकणार नाही, आणि त्यात पंख्याचा दोष नाही. परंतु मुंबईत पाणी ३४-३५ अंशांपर्यंत क्वचितच जाते. ३०-३१ अंशांचे पाणी, भरपूर हवा आणि विरळ वस्ती असेल तर गप्पी, मॉली, एंजल, गौरामी हे मासे मे महिना काढतात. डिस्कस तर २८ ते ३० अंशांतच खुलतो. फायटर आणि गौरामी या माशांना डोक्यात एक खास अवयव असतो व ते वर येऊन थेट हवा घेऊ शकतात, म्हणून कमी प्राणवायूत ते इतरांपेक्षा जास्त टिकतात. गोल्डफिश मात्र १८ ते २२ अंशांतला मासा आहे. त्याला मुंबईच्या उन्हाळ्यात ठेवणाऱ्याने मोठी टाकी आणि जोरदार हवेची तयारी ठेवलीच पाहिजे.

चिलर हे यंत्र फ्रीजसारखेच असते : पाण्यातली उष्णता काढते आणि मागच्या बाजूने खोलीत सोडते. लहान, बंद खोलीत ती उष्णता पुन्हा टाकीकडेच येते. समुद्री टाकी आणि प्रवाळ ठेवणाऱ्यांना त्यावाचून गत्यंतर नसते. आपल्या गोड्या पाण्याच्या टाकीसाठी एवढा खर्च करावा असे आम्हांला वाटत नाही. आपल्या खोलीतला खरा प्रश्न एसीचा आहे. रात्रभर २४ अंशांची हवा आणि दिवसा ३२ अंशांची, या चढउतारात पाणी रोज तीन-चार अंश हलते, आणि ही रोजची हालचाल स्थिर ३० अंशांपेक्षा माशांना जास्त थकवते. शक्य असेल तर टाकी बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून दूर न्यावी. ते जमत नसेल तर थर्मोस्टॅटचा हीटर २८ अंशांवर लावून ठेवावा. मे महिन्यात हीटर लावा म्हटले की ऐकणाऱ्याला नवल वाटते, पण तो दिवसा आपोआप बंद राहतो आणि फक्त रात्रीची घसरण थोपवून धरतो.

प्रश्न (नागपूर) : टाकी कूलरच्या खोलीत ठेवावी की नाही, यावर घरात मतभेद आहेत.

उत्तर : ठेवावी. कूलरने खोलीतला ओलावा वाढतो, त्यामुळे टाकीवरच्या पंख्याचा परिणाम काहीसा घटतो. पण खोलीची हवाच दहा-बारा अंशांनी उतरलेली असल्याने एकूण हिशेब फायद्याचाच राहतो. फक्त कूलरचा थेट झोत टाकीवर येऊ देऊ नये. त्यासोबत कूलरच्या पाण्याचे तुषार येतात, आणि कूलरच्या पाण्यात क्षार तर असतातच, शिवाय डासांच्या अळ्यांसाठी औषध किंवा वाळ्याचा सुगंधी अर्क घातलेला असू शकतो.

डासांचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीची सूचना. संध्याकाळी खोलीत फवारायचे स्प्रे, उदबत्तीची कॉइल आणि प्लगमध्ये लावायच्या बाटल्या यांत पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशके असतात. माणसाला ती फारशी बाधत नाहीत, माशांना मात्र अत्यल्प मात्रेतही मारक ठरतात. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, हे विसरले जाते. टाकी असलेल्या खोलीत यांपैकी काहीही वापरू नये, मच्छरदाणी वापरावी.

प्रश्न (चंद्रपूर) : आमच्याकडे दुपारी दोन-तीन तास वीज जाते. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर टाकीचा भार टाकावा की नाही कळत नाही.

उत्तर : घरगुती एअर पंप साधारण ३ ते ५ वॅटचा असतो. तो रात्रभर चालला तरी इन्व्हर्टरला जाणवणार नाही. दिवा आणि हीटर इन्व्हर्टरवर नकोत, एअर पंप आणि छोटा पंखा हवेत. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा पंप मत्स्यालयाच्या दुकानात स्वस्तात मिळतो आणि उन्हाळ्यापूर्वी तो घरात असलाच पाहिजे. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे येऊन पंपात आणि तिथून जमिनीवर उतरते. हाताशी काहीच नसेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी मगने पाणी काढून वीतभर उंचीवरून परत सोडत राहावे. हे कंटाळवाणे काम आहे, पण त्याने मासे वाचतात.

बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे उपयुक्त जिवाणू त्या डब्यातल्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले असतात, आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. प्रवाह थांबला की डब्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात आणि आतले पाणी कुजते. वीज बराच वेळ गेलेली असेल तर ती आल्यावर फिल्टर तसाच सुरू न करता डब्यातले पाणी फेकून द्यावे, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा आणि मग जोडणी करावी. नळाच्या पाण्यात स्पंज धुतला तर त्यातले क्लोरीन उरलेले जिवाणूही मारते.

प्रश्न (सोलापूर) : दोन मॉलींच्या तोंडावर कापसासारखा पांढरा पुंजका आला आहे. दुकानदाराने बुरशी सांगून हीटर ३२ अंशांवर लावायला आणि निळे औषध टाकायला सांगितले. पाणी आधीच ३२ अंश आहे.

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा आजार बुरशीचा वाटत नाही. तोंडावरचा कापूस, कल्ल्यांवर करडे डाग, पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा आणि उन्हाळ्यातले गरम पाणी, हे सगळे कॉलम्नॅरिस या जिवाणूजन्य रोगाकडे बोट दाखवते. हा जिवाणू उष्णतेत फोफावतो, म्हणून तापमान वाढवण्याचा सल्ला इथे थेट उलटा पडतो. तापमान वाढवण्याचा उपाय आहे तो पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी, ज्यात अंगावर आणि परांवर मिठाच्या कणांसारखे सुटे ठिपके दिसतात. त्याचा परजीवी ३० अंशांच्या वर नीट वाढू शकत नाही, आणि त्यामुळे तो उन्हाळ्याच्या ऐन मध्यात कमी, तर ऋतू पालटताना जास्त आढळतो.

आजारी मॉली वेगळ्या टबात घ्याव्यात, तिथे जोरदार हवा द्यावी, पाणी पंख्याने दिवसाला एक-दोन अंश या गतीने २६-२७ पर्यंत उतरवावे आणि दर लिटरला दोन ते तीन ग्रॅम आयोडीनविरहित खडे मीठ विरघळवून थोडे थोडे घालावे. मॉलीला मीठ मानवते. कोरीडोरस आणि त्याच्यासारख्या तळच्या माशांवर एवढा प्रयोग करू नये. निळे औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, मुख्य टाकीत टाकू नये, कारण ते फिल्टरमधल्या उपयुक्त जिवाणूंना मारते आणि मग अमोनियाचे नवे संकट उभे राहते. मीठ आणि गारवा यांनी दोन दिवसांत फरक पडला नाही तर प्रतिजैविक लागते, आणि ते दुकानदाराच्या अंदाजावर न देता पशुवैद्यकाला विचारूनच द्यावे. राज्यात नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळ शिरगाव येथे मत्स्यविज्ञानाची महाविद्यालये आहेत. जवळ असल्यास तिथल्या प्राध्यापकांना रोगट माशाचे छायाचित्र दाखवून सल्ला घ्यावा. आजारी टबातली जाळी आणि नळी मुख्य टाकीत वापरू नये.

प्रश्न (पुणे) : मुलीच्या वाढदिवसाला काचेच्या गोल भांड्यात दोन लहान गोल्डफिश मिळाले. मे महिन्यात आठ दिवस गावी जायचे आहे. खाद्याची वडी टाकून ठेवली तर चालेल का?

उत्तर : वडी नको, गरम पाण्यात ती विरघळून कुजते. निरोगी मासे आठ दिवस उपाशी राहू शकतात, उन्हाळ्यात तर ते जास्त सुरक्षित. चिंता भांड्याची आहे. गोल भांड्यात तीन-चार लिटर पाणी असते, ते खोलीच्या हवेइतके लगेच तापते, आणि तोंड अरुंद असल्याने हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग फारच थोडा असतो. बंद घरात हे मासे आठ दिवस टिकतील असे आम्ही सांगू शकत नाही. जाण्यापूर्वी किमान एक आठवडा चाळीस-पन्नास लिटरचा, पसरट तोंडाचा फिकट रंगाचा टब आणावा, त्यात साधा स्पंज फिल्टर चालू करावा आणि मासे त्यात हलवावेत. टब घरातल्या सर्वांत खालच्या, उत्तरेकडच्या खोलीत जमिनीवर ठेवावा, पडदे ओढावेत, आणि शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन एक दिवसाआड पंप चालू आहे का एवढेच पाहायला सांगावे. खाद्य त्यांच्या हाती देऊ नये. पाहुणा मालकापेक्षा जास्त घालतो. मुलीला हा टब गोल भांड्याइतका शोभिवंत वाटणार नाही, पण मासे त्यात वाढताना तिला दिसतील, आणि परतल्यावर पुढची टाकी तिच्याच पसंतीने घेता येईल.

प्रश्न (पणजी) : गच्चीवर कमळाच्या टबात गप्पी आहेत. दुपारी पाण्यात हात घालवत नाही.

उत्तर : टब स्लॅबवर थेट ठेवलेला असेल तर तो विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर उचलून ठेवावा, वर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी ताणावी, आणि निम्मा पृष्ठभाग कमळाच्या पानांनी व पाणशेवंतीने झाकलेला राहू द्यावा. काळा टब असेल तर बाहेरून पांढरा रंग द्यावा. पाण्याची खोली दीड फुटापेक्षा कमी नसावी, म्हणजे तळाशी माशांना आसरा मिळतो. पाइपने पाणी घालताना पाइपात तापून बसलेले पाणी आधी बाहेर सोडून द्यावे आणि मगच टबात धार सोडावी.

प्रश्न (बीड) : पाऊस सुरू झाल्यावर पंखा लगेच काढावा का?

उत्तर : लगेच काढू नये आणि विसरूनही राहू नये. मृगाच्या पहिल्या सरींनंतर हवा एका रात्रीत आठ-दहा अंशांनी उतरते, आणि पंखा चालूच असेल तर पाणीही तितक्याच वेगाने खाली येते. पांढरे ठिपके नेमके याच आठवड्यात दिसतात. पावसाची चिन्हे दिसू लागली की पंखा आधी फक्त दुपारी चालवावा, पहाटेचे तापमान २६ अंशांच्या खाली जाऊ लागले की तो थांबवावा, झाकण पुन्हा बसवावे आणि त्यानंतर पंधरा दिवस तरी नवीन मासा टाकीत सोडू नये.